फरहीनच्या वहीतली सात शून्यं

मुलांना शून्य टाळायला शिकवण्यात रशीद मास्तरांची पस्तीस वर्षं गेली, आणि सलग सात शून्यं मिळवण्यात एक एप्रिल महिना गेला. यातलं दुसरं काम जास्त अवघड होतं, हे ते आजही कबूल करतात.

त्याचं असं झालं. मास्तरांची नात फरहीन चौथीत. तिच्या स्वप्नाली मॅडमनी वर्गाला घरचा अभ्यास दिला : घरातून रोज किती कचरा बाहेर जातो ते महिनाभर वहीत लिहायचं. फरहीननं पहिल्याच दिवशी घंटागाडी यायच्या आत बादली अंगणात पालथी घातली आणि यादी केली. दुधाच्या पिशव्या तीन, वेफर्सची पाकिटं चार, शाम्पूच्या पुड्या दोन, तिच्या वडिलांनी, म्हणजे अल्ताफनं, मागवलेल्या मोबाइलच्या कव्हराचा खोका, त्या खोक्यातला दुसरा खोका, आणि त्यातलं फुग्याफुग्यांचं प्लास्टिक. ते फुगे फोडण्यात मास्तरांनी स्वतः अर्धा तास घालवला होता, पण ते तिनं लिहिलं नाही. बाकीचं बारीकसारीक धरून एकूण तेवीस नग. शिवाय ओला कचरा पाऊण बादली.

वही सहीसाठी मास्तरांकडे आली. पेनाचं टोपण काढलं आणि त्यांचा हात थांबला.

"तेवीस? आपल्या घरातून?"

"कव्हर धरलं न्हाई, दादाजी. ते अजून मोबाइलला हाय."

मास्तरांच्या लहानपणी घरात कचऱ्याची बादलीच नव्हती. साखर यायची ती कागदाच्या पुड्यातून. पुड्याचा दोरा आई बोटाभोवती गुंडाळून कोनाड्यातल्या गुंड्याला जोडायची, आणि पुड्याचा कागद हातानं दाबून सरळ करून गादीखाली ठेवायची. लुगडं विरलं की त्याची वाकळ व्हायची, वाकळ विरली की पायपुसणं, पायपुसणं विरलं की चूल पेटवायची चिंधी, आणि चुलीतली राख पुन्हा भांड्यांना. शिसपेन्सिल बोटांत मावेनाशी झाली की अब्बा ती बांबूच्या नळीत खोचून परत हातात द्यायचे आणि म्हणायचे, "अजून दोन पानं लिहील ती." आणि ती खरंच लिहायची. याला तेव्हा कुणी पर्यावरण म्हणत नव्हतं. कुणी काहीच म्हणत नव्हतं.

मास्तरांनी वहीवर सही केली आणि म्हणाले, "फरहीन, या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तुझ्या वहीत सात दिवस शून्य येईल. सोमवार ते रविवार. माझा शब्द."

फरहीननं तो शब्द दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितला. मॅडमनी मुख्याध्यापिकांना सांगितला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मग त्याच्या पुढच्या सोमवारी ती वही सगळ्या शाळेला दाखवू. शब्द देण्यापूर्वी मास्तरांनी घरात कुणालाही विचारलं नव्हतं, ही या प्रकरणातली पहिली चूक. ती जरीनाभाभींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, जेवणाच्या ताटावरच दाखवून दिली.

"शब्द तुमचा, आन् भांडी मी घासायची व्हय?"

"राखेनं घासू. मी घासतो."

"राख कुठनं आणणार? गॅसची?"

मास्तरांनी आणखी एक भाकरी मागितली. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी विषय बदलण्याची कला चांगली कमावली होती.

तरी कामाला सुरुवात झाली. दुधाचा प्रश्न पहिल्या दिवशी सुटला, कारण दोन घरं सोडून आक्कांच्या दारात दोन म्हशी होत्या. आक्का सत्तरीच्या, गल्लीतल्या सगळ्यांच्या आक्का. मास्तर पितळी किटली घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा आक्कांनी किटलीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं.

"आलासा का शेवटी? पिशवीचं दूध पिऊन पिऊन माणसं पिशवीगत ढिली झाल्यात. मी कवाधरनं सांगतोय." आक्का रागावल्या की पुरुषासारखं बोलत, आणि त्या सहसा रागावलेल्याच असत.

किराण्याचं काम इतकं सोपं गेलं नाही. मास्तर आकारामच्या दुकानात अकरा डबे घेऊन गेले. आकारामनं आधी प्रत्येक रिकामा डबा तोलला, मग भरून तोलला, मग झाकणासकट तोलला होता का झाकणाशिवाय, यावर दोघांचं बोलणं झालं. मागची रांग रस्त्यावर गेली.

"मास्तर, बाजार हाय का रुखवत?" मागून कुणीतरी विचारलं.

मास्तरांनी मागं वळून सगळ्यांना डब्याचे फायदे समजावून सांगितले. सावकाश, उदाहरणं देऊन, कुणाला समजलं नसेल तर हात वर करा असं म्हणून. एका माणसानं खरंच हात वर केला. त्याला फक्त काडेपेटी हवी होती.

राहिला ओला कचरा. अल्ताफनं त्याच्या गॅरेजमधल्या जुन्या पिंपाला भोकं पाडून दिली आणि ते गच्चीवर चढवलं. यात सालं टाकायची आणि खत करायचं, एवढी साधी गोष्ट. पण गल्लीत साधी गोष्ट कुणाची एकट्याची राहत नाही. शेजारचे गणपतराव संध्याकाळी येऊन पिंपाला प्रदक्षिणा घालून गेले आणि म्हणाले, "मास्तर, गूळ घाला. गुळाबिगर किडं लागत न्हाईत. आमच्या भावानं असंच केलंतं." मास्तरांनी गूळ घातला. दुसऱ्या दिवशी पार शाहूवाडीपासूनच्या मुंग्या कोल्हापुरात आल्या. आक्का म्हणाल्या, "गुळानं काय हुतंय? श्यान घाला." मास्तरांनी शेण घातलं. मग पिंपाला असा वास सुटला की सून शबनम गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना नाकाला ओढणी बांधू लागली.

"याला हवा पायजे," गणपतराव म्हणाले. "कोंडलंय ते."

हे शब्द मास्तरांनी मनात ठेवले. ठेवले नसते तर बरं झालं असतं.

कारण त्याच आठवड्यात घरची चटणी झाली. वर्षाची चटणी, म्हणजे वर्षभर पुरणारं तिखट कुटणं, हे घरातलं लग्नच. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, गच्चीभर मिरच्या वाळल्या, बायकांनी बसून देठं खुडली. रविवारी दुपारी जरीनाभाभी आणि शबनम मिरच्या घेऊन उचगावच्या रस्त्याला डंकावर कुटायला गेल्या आणि गच्चीवर राहिली दोन घमेली देठं, बिया आणि मिरचीचा चुरा. उद्यापासून शून्याचा आठवडा सुरू होणार होता. मास्तरांनी दोन्ही घमेली पिंपात रिकामी केली. मग त्यांना हवेची आठवण झाली. अल्ताफच्या गॅरेजमधला धूळ उडवायचा ब्लोअर जिन्यात पडलेला होता. मास्तरांनी तो पिंपाच्या तळाच्या भोकाला लावला आणि बटण दाबलं.

पुढचं मास्तरांनी स्वतः पाहिलं नाही, कारण त्यांचे डोळे मिटलेले होते. पण गल्लीनं पाहिलं. एक तांबूस ढग पिंपातून उठला, गच्चीच्या कठड्यावर क्षणभर टेकला आणि सावकाश गणपतरावांच्या खिडकीतून आत गेला. तिथं त्या वेळी गणपतरावांच्या धाकट्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. पोह्याची ताटली हातात, आणि मुलाच्या वडिलांना पहिली शिंक आली. शुभकार्यात एक शिंक वाईट, हे सगळ्यांना माहीत. गणपतरावांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मुलाच्या आईला आली, मग मुलाला, मग मध्यस्थाला, मग मुलीला, आणि त्यानंतर कुणाची कुठली हे सांगता येईना.

आक्का पदर तोंडाला लावून धावत आल्या आणि निकाल दिला, "एक शिंक वाईट, दोन शिंका चांगल्या. हितं तर मोजदादच न्हाई. लगीन ठरलं म्हणून समजा."

आणि खरंच ठरलं. मुलाचे वडील लाल डोळे पुसत म्हणाले, "पोरगी मायाळू हाय. आमच्यासंगं तीबी रडली." त्यामुळे गणपतराव मास्तरांना फार बोलले नाहीत. पण संध्याकाळी जरीनाभाभी परत आल्या, त्यांनी सगळं ऐकलं, आणि त्या जे बोलल्या ते पुरेसं होतं.

सोमवार उजाडला. फरहीननं वहीत पहिलं शून्य काढलं. गोल, नीट, पट्टीशिवाय. मंगळवारी दुसरं. वेफर्सच्या जागी घरचं भडंग आलं होतं, पार्सलवर बंदी होती, शाम्पूच्या जागी शिकेकाई आली होती आणि अल्ताफ डोळे चोळत गॅरेजला जात होता. बुधवार, गुरुवार. चौथं शून्य काढताना फरहीन म्हणाली, "दादाजी, मॅडम म्हणाल्या, असं घर त्यांनी अजून बघितलं न्हाई." त्या दिवशी मास्तर चहा पिताना नेहमीपेक्षा ताठ बसले होते.

शुक्रवारी सकाळी घंटागाडीवरचा केरबा खाली उतरून फाटकाशी आला. प्रत्येक घराच्या फाटकावर ठिपक्याठिपक्यांचा चौकोनी स्टिकर चिकटवलेला होता. कचरा घेतला की केरबा त्यावर मोबाइल धरायचा आणि ते घर कचऱ्याच्या ठेकेदाराच्या नकाशावर हिरवं व्हायचं.

"मास्तर, तुमचं घर लाल झालंय."

"म्हणजे?"

"कचरा न्हाई दिला तर लाल हुतंय. लाल म्हंजे तुम्ही तो नाल्यात टाकताय."

"अरे, पण माझ्या घरात कचराच होत नाही."

केरबानं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "असं सगळीच म्हणत्यात, मास्तर."

सहा दिवस लाल राहिलेल्या घराच्या मालकाचा फोटो चौकात लावायचा, अशी ठेकेदाराची नवी योजना होती. मास्तर तसेच उठले, चपला घातल्या आणि ठेकेदाराच्या ऑफिसात गेले. टेबलामागे बसलेला माणूस त्यांना पाहून उभा राहिला. तो तिथला कारकून उदयसिंह होता, शाहूवाडीच्या शाळेतला त्यांचाच विद्यार्थी. वजाबाकीत हातचा घ्यायला विसरायचा.

"गुरुजी, बसा की. काय सेवा?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. उदयसिंहनं मन लावून ऐकलं आणि संगणक त्यांच्याकडे वळवला. "हितं दोनच खानं हाईत बघा. ओला, सुका. 'कचरा न्हाई' असा खानाच न्हाई."

"मग खाना वाढव."

"ते पुण्यात हुतंय, गुरुजी. तिसरा एक हाय, 'घर कुलूपबंद'. पण ते लावलं तर माणसं कुठं गेली म्हणून चौकशी लागती." तो थोडा पुढं वाकला. "त्यापेक्षा उद्या एक पिशवी द्या की. कुणाची का असंना."

"कुणाची का असंना?"

"मशीनला काय कळतंय?"

मास्तर म्हणाले, मी लेखी तक्रार देतो. तक्रारीला फोटो लागत होता. नवा फोटो काढणं म्हणजे उधळपट्टी, आणि हा आठवडा काटकसरीचा. पाकिटात तालुक्याच्या सत्काराच्या वेळचा एक फोटो शिल्लक होता, डोक्याला कोल्हापुरी फेटा, गळ्यात हार. मास्तरांनी तोच लावला. उदयसिंहनं पोच दिली आणि म्हणाला, "गुरुजी, फोटो झकास हाय."

शनिवारी पहाटे मास्तरांना जाग आली ती चौकातल्या फोटोच्या विचारानं. ज्या चौकातून इतकी वर्षं ताठ मानेनं गेलो, तिथं नाल्यात कचरा टाकणारा म्हणून तोंड दिसणार. ते उठून गणपतरावांच्या दारात गेले आणि बराच वेळ हवापाण्यावर बोलले.

"मास्तर, काय पायजे ते सांगा की," गणपतराव म्हणाले.

"एक पिशवी... कचरा मिळेल का?"

गणपतरावांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना एकदम भरून आलं. "आवो, आमचा कचरा म्हंजे तुमचाच. ओला का सुका? सुका न्ह्या. पोरीची सुपारी फोडायची हाय, त्याचं सामान आलंय, खोकी एकदम नवी हाईत." त्यांनी पिशवी निवडून भरली, वर एक चकचकीत कागद लावला आणि देताना म्हणाले, "अजून लागला तर लाजू नका."

मास्तर पिशवी सदऱ्याआड धरून फाटकाशी आले. घंटा वाजत होती, केरबानं हात पुढं केला होता. पायरीवर फरहीन वही घेऊन उभी होती. तिनं पिशवीकडे पाहिलं. ही कुणाची, असं तिनं विचारलं नाही. ती बोलली एवढंच, "दादाजी, मग आज किती लिहू?"

मास्तर तिथंच थांबले. एक लिहावा तर तो कचरा घरचा नव्हता. शून्य लिहावं तर पिशवी हातात होती. उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा, शेजारच्याचं बघून लिहू नका, असं त्यांनी किती पोरांना सांगितलं असेल याचा हिशेब नव्हता. आणि आज ते शेजाऱ्याचंच उत्तर पिशवीत घालून उभे होते.

"शून्य," ते म्हणाले. "केरबा, ही गणपतरावांची आहे. त्यांच्या दारात घे."

"मास्तर, इचार करा. एक पिशवी, आन् घर हिरवं. न्हाईतर उद्या फोटू लागतोय."

"लागू दे."

फरहीननं सहावं शून्य काढलं. तेही गोल आलं.

रविवारी सकाळी चौकात फलक लागला. ठेकेदाराला डिजिटल फलकाचं काम स्वस्तात हवं होतं, आणि डिजिटलवाल्याकडं तयार नमुना एकच होता : सोनेरी चौकट, दोन्ही बाजूंना वाघ, वर फटाके. मध्ये फेटा बांधलेले, हार घातलेले मास्तर, पुरुषभर उंचीचे. खाली ठळक अक्षरात 'श्री. रशीद अत्तार (मास्तर)' आणि त्याखाली, वाघाच्या पंजाजवळ, बारीक अक्षरात आरोप.

कोल्हापुरात चौकातल्या डिजिटलवरचा मजकूर कुणी वाचत नाही. फोटो बघायचा आणि समजायचं.

नऊ वाजता पहिला माणूस हार घेऊन आला. "वाढदिवसाच्या शुभेच्छा, गुरुजी." मास्तर म्हणाले, आज माझा वाढदिवस नाही. तो हसला आणि पाया पडला. मास्तरांचा वाढदिवस एक जूनला असे, जसा त्या पिढीतल्या निम्म्या मुलांचा असे, कारण शाळेत नाव घालताना कुणालाच खरी तारीख ठाऊक नसे आणि शाळेचे मास्तर एक जून लिहून टाकत. समोर पाया पडणाऱ्याचाही त्यांनीच लिहिला होता.

मग माणसं येतच राहिली. कुणीतरी फलकाचा फोटो शाहूवाडीच्या जुन्या विद्यार्थ्यांत फिरवला होता. पन्हाळ्याहून एक जण गाडी करून आला. एक जण आता डेअरीत होता, एक बस चालवत होता, एक दवाखान्यात परिचारिका होती आणि तिला अजून तेराचा पाढा येत होता, तो तिनं म्हणून दाखवला. पावसात शाळेचं छप्पर गळायचं तेव्हा मास्तर पोरांना एका कोपऱ्यात गोळा करून गोष्ट सांगायचे, ती गोष्ट एकानं शेवटपर्यंत सांगितली. मास्तर ती विसरले होते. ते ऐकताना मध्येच चष्मा पुसू लागले. जरीनाभाभींनी घरातले सगळे कप बाहेर काढले, आक्कांनी एक किटली दूध फुकट पाठवलं, गणपतराव येणाऱ्या प्रत्येकाला "या पावणं, आत या" म्हणत यजमानासारखे फिरू लागले.

चार वाजता मास्तरांची नजर कोपऱ्यात गेली. फरहीन वही घेऊन बसली होती आणि बोटानं मोजत होती. खोलीभर चकचकीत कागदात गुंडाळलेले गुच्छ, केकचे खोके, प्लास्टिकच्या सुऱ्या, शालींच्या पिशव्या, मिठाईच्या रिबिनी.

"एकसष्ट, दादाजी," ती हळूच म्हणाली. पेन्सिल अजून वहीला टेकली नव्हती.

मास्तर उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही, पण तो आवाज निवृत्तीनंतर त्या घरात कुणी ऐकला नव्हता. "सगळे उभे राहा."

चाळिशी-पन्नाशीची माणसं कप खाली ठेवून उभी राहिली.

"शाळा सुटल्यावर, वर्ग सोडायच्या आधी काय करायचं?"

बस चालवणारा मागून म्हणाला, "आपापल्या बाकाखालचं उचलायचं, गुरुजी."

"मग उचला. ज्यानं जे आणलं ते त्यानं न्यायचं. केक खाऊन झालाय, शाली राहू देत, फुलं आक्कांच्या म्हशींना. बाकीचं ज्याचं त्यानं. या घरातून आज काहीही बाहेर टाकलं जाणार नाही, कारण माझ्या नातीनं वहीत खरं लिहायचंय."

माणसं वाकली. ओळ लागली. डेअरीवाल्यानं केकचा खोका घडी करून काखेत मारला, परिचारिकेनं चार प्लास्टिकच्या सुऱ्या पर्समध्ये टाकल्या, पन्हाळ्याचा पाहुणा रिबिनी गुंडाळत बसला. फरहीन दारात उभी राहिली आणि प्रत्येकाचे हात बघून पुढं सोडू लागली.

ओळीत शेवटी उदयसिंह होता. तो दुपारी गुपचूप आला होता आणि गुच्छ मागं लपवून दाराशीच बसला होता. "गुरुजी, फोटूचं माझ्या हातात नव्हतं. मी खाली अक्षर बारीक करायला लावलं."

"चांगलं केलंस," मास्तर म्हणाले.

गुच्छाचा चकचकीत कागद चुरगळून त्यानं खिशात कोंबला, पाया पडला आणि बाहेर गेला. तो फाटकापर्यंत पोचला तेवढ्यात दारातून आवाज आला.

"काका, तुमचं रबर राहिलं."

उदयसिंह परत आला. उंबऱ्याजवळ गुच्छाचा एक लाल रबरबँड पडला होता. त्यानं वाकून तो उचलला, फरहीनला दाखवला आणि तिनं मान हलवेपर्यंत उभा राहिला.

मग ती पायरीवर बसली आणि तिनं सातवं शून्य काढायला घेतलं. मास्तर आपल्या खुर्चीत बसून राहिले. काही सांगायची गरज नव्हती. वर्ग आता दुसऱ्याच्या ताब्यात गेला होता.